सड्याच्या पानावर एकच शब्द होता

आमच्या गावाची लोकजैवविविधता नोंदवही मी पहिल्यांदा उघडून पाहिली ती २०२१ च्या मे महिन्यात, निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांनी. ग्रामपंचायतीत घरपट्टी भरायला गेले होते. पावतीपुस्तक शोधताना ग्रामसेवकांच्या हाताला एक निळ्या पुठ्ठ्याची फाइल लागली आणि त्यांनी ती टेबलावर ठेवली. मी चाळायला घेतली. आंबा, काजू, फणस, नारळ, म्हैस, बैल, कोंबडी. वर कुठल्याही गावाचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं अशी यादी. पुढे सड्याचं, म्हणजे गावामागच्या कातळी डोंगरमाथ्याचं, पान आलं. झाडं, झुडपं, गवतं, पक्षी, प्राणी असे रकाने आखलेले, आणि त्या सगळ्यांवरून एक आडवी रेघ मारून शब्द लिहिलेला : 'पडीक'.

मला ते फार लागलं. एकतीस वर्षं मी या गावच्या शाळेत शिकवलं. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर सडा दिसतो. जूनमध्ये तो काळा असतो, श्रावणात हिरवा, भाद्रपदात निळा-जांभळा, दिवाळीला सोनेरी. दर वर्षी नव्या मुलांना मी फळ्यावर ऋतू शिकवले ते खिडकीतून सड्याकडे बोट दाखवून. त्या सड्याला सरकारी कागदावर एवढीच ओळख उरावी, याचं वाईट वाटलं.

२००२ च्या जैवविविधता कायद्याचं ४१ वं कलम सांगतं की प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची, आणि त्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे समितीने गावकऱ्यांशी बोलून ही नोंदवही करायची. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना रुजवली तेव्हा तिचा गाभाच हा होता की गुराख्याला, वैदूला, मासे धरणाऱ्या बाईला जे ठाऊक आहे ते त्यांच्या तोंडून कागदावर उतरावं. बरीच वर्षं फार ठिकाणी काही झालं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि जिकडेतिकडे घाई उडाली. आमची नोंदवही त्या घाईतली. बाहेरून कोणी दोघं जण एका दुपारी आले आणि चहा पिऊन, चार प्रश्न विचारून गेले, असं कळलं. सड्यावर ते गेलेच नाहीत. त्यांना तरी काय म्हणायचं? सड्यावर जायला वाट उरली नव्हती.

रत्नागिरीकडच्या माणसाला सडा म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. डोंगर चढून गेलं की माथा ताटासारखा सपाट. सगळा जांभा कातळ. कुठे वीतभर माती, कुठे तीही नाही. एप्रिलमध्ये अनवाणी पाय ठेववत नाही. सातबाऱ्यावर तो कुठे वरकस म्हणजे हलकी जमीन, कुठे पोटखराबा म्हणजे पिकाखाली न येणारी. पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो पहिला अंगावर घेतो सडाच. जांभा भोकाभोकांचा दगड. पाणी त्यात मुरतं, खोलगट जागी साठून राहतं, आणि पुढे महिनोनमहिने पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येतं. आमच्या खालच्या वाडीची विहीर मे महिन्यातही तळ दाखवत नाही ती या कातळामुळे. हे मी मुलांना शिकवलं होतं. स्वतः मात्र पंधरा-वीस वर्षांत सड्यावर पाय ठेवला नव्हता.

म्हणून वरच्या वाडीतल्या काकींना गाठलं. वय सत्तरीच्या पुढे, लहानपण सगळं सड्यावर गुरं राखण्यात गेलेलं. त्या म्हणाल्या, "बाई, सड्याव जायाचं तर पाखाडीनं जायाचं. पन पाखाडी हाय खय आता? सगली रानानं गिलली."

पाखाडी म्हणजे डोंगराच्या अंगाने दगड रचून केलेली पायऱ्यांची वाट. कोकणात वाडीला वाडी जोडली गेली ती पाखाड्यांनी. आमची पाखाडी देवळामागच्या सहाणेपासून, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापासून, निघून देवरहाटीच्या म्हणजे देवराईच्या कडेने सड्यावर जायची. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बायका तिच्यावरून उतरायच्या, पलीकडच्या गावचा बाजार तिच्यावरून व्हायचा. पुढे डांबरी रस्ता झाला, गुरं कमी झाली, घरटी एक गॅस आला आणि पाखाडीचं काम संपलं. करवंदाच्या जाळ्या आणि रानमोडीने ती बुजून गेली.

त्या जून महिन्यात काकी, त्यांचा नातू आणि मी कोयत्याने वाट काढत वर गेलो. तीनदा रस्ता चुकलो. वर पोचायला अडीच तास लागले. पहिला पाऊस होऊन आठवडा झाला होता. कातळ अजून काळाच होता आणि भेगांमधल्या चिमूटभर मातीतून पांढऱ्या फुलांचे दांडे वर आले होते. दीपकाडी. तळकोकणातल्या मोजक्या सड्यांवर होणारी, पहिल्या पावसाबरोबर येऊन थोड्याच दिवसांत जाणारी. मी वाकून एक फूल जवळून पाहिलं. मेणाच्या केल्यासारख्या सहा पाकळ्या, टोकं मागे वळलेली. मला तिचं नाव पुस्तकातून माहीत होतं. काकींना नाव माहीत नव्हतं, पण त्यांनी सांगितलं, "ही आली का आमी समजायचू, आता भाताची पेर थांबवायची नाय." नोंदवहीत लिहायची पहिली ओळ मला तिथे मिळाली.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी विषय मांडला. समिती कागदोपत्री होतीच, ती नव्याने नेमायची आणि नोंदवही पुन्हा लिहायची एवढंच मागणं होतं. अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यात एक तृतीयांश तरी स्त्रिया हा नियम मी वाचून दाखवला. सरपंचताई लगेच काकींकडे वळल्या, "काकी, तुमी र्‍हावा." काकी म्हणाल्या, मला सही येत नाही. अंगठा चालतो, असं सगळ्यांनीच एकदम सांगितलं. समिती झाली. खरा वाद पुढच्या विषयावर झाला : पाखाडी.

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काँक्रीटची पाखाडी धरलेली होती. आमच्या बाजूला हल्ली पाखाडी म्हटली की सिमेंटच. मी आणि गडगे, म्हणजे दगड रचून केलेले बांध, घालणारे आबा अडून बसलो की जुनी दगडाचीच दुरुस्त करू. आबांचं म्हणणं सरळ होतं. सिमेंटवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, बुळबुळीत होतं, म्हातारं माणूस पाय घसरून पडतं. शिवाय पाणी मुरत नाही, पायरीच्या दोन्ही अंगांनी खळाळत जाऊन माती कापतं. समोरच्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. घरांमधून जाणारा पहिला टप्पा सिमेंटचा आणि कठड्याचा झाला तर आजारी माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणता येईल. शेवटी तसंच ठरलं. घरांपाशी सिमेंट, देवरहाटीपासून वर दगड. हा तोडगा मला आजही योग्य वाटतो.

कार्तिक उतरल्यावर रविवारचं श्रमदान सुरू झालं. पहिल्या रविवारी सत्तावीस माणसं आली, तिसऱ्याला नऊ. भातझोडणी, लग्नं, सगळ्यांना कामं असतात. आम्ही मग वाडीवार रविवार वाटून दिले, आणि ज्या वाडीचा रविवार तिच्या बायकांनी पेज-चटणी करायची असं होतं ते मोडून, ज्या वाडीचा रविवार नाही तिने जेवण आणायचं असं केलं. एवढ्या बदलाने माणसं वाढली, कारण आता बायकाही पहार-टिकाव घेऊन कामावर येऊ लागल्या.

आबांकडून मी पायरी बसवायला शिकले. हे सविस्तर सांगते, कारण ही विद्या असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. आधी माती उकरून घट्ट तळ लागेपर्यंत जायचं. सगळ्यात मोठा दगड खाली. त्याचा सपाट चेहरा वर आणि जड अंग डोंगराच्या आत. बाहेरून जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट आत गेला पाहिजे. पायरीला किंचित उतार द्यायचा तो मागच्या अंगाला, म्हणजे चालणाऱ्याचं वजन दगडाला आत ढकलतं. मग फटींमध्ये चिपा ठोकायच्या. आबा चीप हातात घेऊन फिरवून बघायचे, दगडाच्या फटीशी धरायचे आणि एकाच ठोक्यात बसवायचे. मी दहा चिपा ठोकल्या तर त्यातल्या सात निघून यायच्या. "फटीला इचार, तिला काय होवं," असं ते म्हणायचे. दर पंधरा-वीस पायऱ्यांनंतर वाटेला आडवा एक पाट काढायचा, पावसाचं पाणी बाजूच्या रानात सोडून द्यायला. बसवलेल्या पायरीवर आबा दोन्ही पायांनी उडी मारायचे. दगड हलला तर पुन्हा उकरायचा. सिमेंटचा कण न वापरता आम्ही २१४ पायऱ्या बसवल्या. तीन पावसाळे झाले, त्यातल्या अकरा हलल्या; त्या मी बसवलेल्यांपैकीच असाव्यात असं आबा म्हणतात, आणि त्यांचं खरं असणार.

देवरहाटीच्या कडेला काम पोचलं तेव्हा गुरवकाकांनी थांबवलं. गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुढे दगड हलवायचा नाही. गुरवकाकांनी नारळ ठेवला आणि सगळ्या बारा-पाचाच्या, म्हणजे अख्ख्या गावाच्या, वतीने गाऱ्हाणं घातलं की वाट चालू करतोय, झाडाची डहाळी तोडणार नाही, तुझी तू राख. त्यानंतर देवरहाटीच्या टप्प्यात कोणीही कोयता चालवला नाही. दोन ठिकाणी मुळं आडवी आली तर वाटच वळवली. वैज्ञानिक भाषेत जे मला पटवून द्यायला महिना लागला असता ते दहा मिनिटांत झालं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घालत होते तेव्हा त्यांनी हेच टिपून ठेवलं आहे, की राखण करणारी श्रद्धा ही गावाची जुनी व्यवस्था आहे.

मार्चमध्ये, शिमग्याची पालखी देवळात परतल्यावर चौथ्या रात्री, सड्यावर वणवा लागला. कोणी लावला ते कळलं नाही. आमच्याकडे काजूची बाग साफ करताना लावलेली आग हाताबाहेर जाते, शिकारीसाठी लावतात, नुसती विडी टाकूनही लागते. आधीच्या वर्षांत सडा जळायचा आणि आम्ही खालून बघायचो. या वेळी साडेनऊला कोणीतरी हाळी दिली आणि माणसं पाखाडीने वर धावली. वाट नसती तर अडीच तास. आम्ही पंचवीस मिनिटांत वर होतो. ऐनाचे ओले टहाळे हातात घेऊन, वाऱ्याच्या पाठीशी राहून, गवतावर दाबत दाबत सरकायचं. टहाळा उचलून आपटायचा नाही, ठिणग्या उडतात, दाबून धरायचा. धुराने डोळे उघडवत नव्हते. नववीतल्या एका मुलाच्या चपलेचा तळ वितळून कातळाला चिकटला, आणि तो तसाच एका पायात चप्पल घालून आग विझवत राहिला. त्याला मी ओढून मागे आणलं. रात्री एकला आग विझली. पूर्वेकडचा मोठा तुकडा जळून गेला होता आणि सकाळी तिथे टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. तिची अंडी उघड्या कातळावरच असतात, खडीच्या रंगाची. ती आम्हाला सापडली, भाजलेली.

पुढच्या वर्षीपासून आम्ही जाळरेषा घेतो. डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळायच्या बेतात असताना, सड्याच्या कडेने दहा फुटांचा पट्टा कापून साफ करायचा. कापलेलं गवत पेंढ्या बांधून ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना द्यायचं. त्यातून वणवा पूर्ण थांबलेला नाही. २०२४ मध्ये पुन्हा एकदा लागला, पण पट्ट्यापाशी अडला.

पहिल्याच जाळरेषेच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. गवत कापताना कातळावर कोरलेल्या रेषा दिसल्या. माती झाडून काढली तर एक मासा, दीड हात लांब, आणि शेजारी समजत नाही अशी चौकटीची नक्षी. काकी म्हणाल्या, "पांडवांची चित्रं हैत ती, आमी त्याच्याव बसून भाकर खाव." सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून कोकणातली कातळशिल्पं उजेडात आणली, त्याबद्दल आम्ही पेपरात वाचलेलं होतं. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू अशी काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली हेही माहीत होतं. म्हणून आम्ही खडूने रेषा भरायचा मोह टाळला, फोटो काढले, जागा टिपली आणि जाणकारांना कळवलं. भोवती जांभ्याचा गुडघाभर गडगा घातला, एवढंच.

आता ज्या गोष्टीने झोप उडवली तिच्याकडे येते. २०२२ च्या डिसेंबरात बातमी आली की एक ठेकेदार सड्यावर चिरेखाण काढायला जागा बघतोय. चिरा म्हणजे घर बांधायचा जांभ्याचा दगड. माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे, त्यामुळे खाणच नको असं मी म्हणू शकत नाही. पण सड्याचा माथा कापला की पाणी मुरायची जागा जाते, भोवताली लाल धुरळा बसतो, आणि कातळाच्या वरची ती वीतभर दुनिया परत येत नाही. जांभा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात.

सड्याचा मोठा भाग खाजगी, सामाईक सातबाऱ्याचा. त्यावर त्रेसष्ट नावं. त्यातले कित्येक वारलेले, वारसनोंदी नाहीत. जिवंत आहेत त्यातले बहुतेक मुंबई, डोंबिवली, नालासोपारा, दिवा. ठेकेदार एकेकाला फोन करत होता आणि रक्कम सांगत होता. ज्या माणसाला गावाकडच्या त्या जमिनीतून जन्मात रुपया मिळाला नाही त्याने मोहात पडू नये, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

जानेवारीत सरपंचताई, आबा, काकी आणि मी मुंबईला गेलो. लालबागला आमच्या गावकीची खोली आहे. गिरणीत कामाला गेलेली पोरं पूर्वी तिथे दाटीवाटीने राहायची; आजही भिंतीवर ट्रंका ठेवायच्या फळ्या आहेत आणि ग्रामदेवतेचा फोटो. त्या रविवारी खोलीत चाळीसएक माणसं बसली, उरलेली गॅलरीत. मी पाणी मुरण्याचं, विहिरींचं, फुलांचं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग एक जण उठले आणि म्हणाले, "बाई, फुलांनी माझ्या पोराची फी भरणार का?" मी गप्प झाले, कारण त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती.

बोलल्या त्या काकी. त्यांनी विहिरींची नावं घेतली. कुठली विहीर कुणाच्या आज्याने खणली, दुष्काळात कुणाच्या आईने कुठल्या झऱ्याचं पाणी वाटीवाटीने भरलं, आणि पलीकडच्या गावात खाण झाल्यावर तिथल्या पायथ्याच्या झऱ्याचं काय झालं ते. "तुमी गणपतीला येताव, शिमग्याला येताव. येऊन पानी खयचा पिनार?" असं विचारून त्या खाली बसल्या. त्या दिवशी एकोणीस जणांनी संमतीपत्रावर सह्या केल्या : पंधरा वर्षं सड्यावर खाण नाही, गवत आणि चराई चालू, वाट सगळ्यांना खुली, आणि सड्यावरून गावाला जे उत्पन्न होईल त्यात सातबाऱ्यावरच्या कुटुंबांचा वाटा. शंभरच्या स्टॅम्पपेपरवर. ते शेवटचं कलम फी विचारणाऱ्या गृहस्थांनीच घालायला लावलं, आणि सही पण केली. पुढच्या दीड वर्षात सह्या सत्तेचाळीसवर गेल्या.

सगळं आमच्या मनासारखं झालं नाही. उत्तरेकडचा वेगळ्या सातबाऱ्याचा तुकडा विकला गेला. तिथे आता खाण आहे. वारा तिकडून असला की यंत्राचा आवाज शाळेपर्यंत येतो. ग्रामसभेचा ठराव आम्ही तहसीलदारांकडे दिला होता, पण मालकाच्या हक्कापुढे तो टिकला नाही.

वाट्याचं कलम लिहिलं म्हणजे उत्पन्न उभं करायला हवं होतं. त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, आम्ही सहा बायका साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठारावर जाऊन आलो होतो, ते आता उपयोगी पडलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव आलं आणि गर्दी लोटली. भोवतालच्या गावांच्या समितीने माणसांची दिवसाची संख्या बांधून दिली, शुल्क लावलं, वाटाडे म्हणून गावचीच मुलं उभी केली. ते आम्ही वहीत लिहून घेतलं. तिथे लोखंडी जाळीचं कुंपण घातलं होतं. जाळीमुळे गुरं आत जाईनाशी झाली, गवत माजलं आणि फुलं मागे हटली, असं तिथली माणसं आम्हाला सांगत होती. काकींना ते लगेच पटलं. गुराने गवत खुडलं की बारक्या फुलांना ऊन मिळतं. आमच्या सड्यावर कुंपण घालायचं नाही, हे परतीच्या एस.टी.तच ठरलं.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही पहिल्यांदा पाहुण्यांना वर नेलं. एका वेळी पंधरा माणसं, दिवसाला दोन फेऱ्या, बरोबर गावातले दोन वाटाडे. सकाळी सातला सहाणेपाशी जमायचं, चपला-बूट मऊ तळाचे, आणि फुरसं असतं म्हणून दगड उलटायचा नाही. वर गेल्यावर आमची मुलगी, म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी जी आता बारावीला आहे, सगळ्यांना गुडघ्यावर बसवते. उभ्याने निळा गालिचा दिसतो. बसलं की कळतं की एकेक फूल तांदळाच्या दाण्याएवढं आहे. सीतेची आसवं. पाणथळ जागेतल्या या झाडाला जमिनीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं, कारण कातळावरच्या मातीत पोटभर अन्न नाही. शेजारी दवबिंदूच्या लाल पानांवर चिकट थेंब, त्यात अडकलेलं चिलट. मध्ये गेंदाची पांढरी बटणं, कडेला कवला आणि तेरडा. भिंगातून बघणाऱ्या एका शहरी आजोबांनी पुढच्या माणसाला भिंग देईपर्यंत पंधरा मिनिटं घेतली, आणि रांगेतल्या कोणी तक्रार केली नाही. पश्चिमेला काजळी नदीचं वळण, पूर्वेला ढगातून डोकावणारी सह्याद्रीची रांग. उतरल्यावर वाडीत नाचणीची भाकरी, फोडशीची भाजी, कुळथाची पिठी.

दुसऱ्याच रविवारी एक टोळकं मोटारसायकली घेऊन मागच्या बाजूने वर आलं आणि फुलांवरून गाड्या फिरवत व्हिडिओ काढू लागलं. चाकांच्या त्या खुणा पुढच्या पावसाळ्यातही दिसत होत्या. तेव्हापासून आम्ही समाजमाध्यमांवर जागेचा नेमका पत्ता टाकत नाही; इथेही गावाचं नाव लिहिलेलं नाही ते म्हणूनच. मागच्या बाजूला दोन गडगे घातले, माणूस आणि गाय जाईल एवढी खिंड ठेवून. हंगाम संपल्यावर वाटाड्यांची मजुरी आणि जेवणाचे पैसे जाऊन जे उरलं त्याचे वाटे केले. प्रत्येक सही करणाऱ्याच्या वाट्याला चारशे दहा रुपये आले. फार नाहीत. तरी दिव्याहून एकाने फोन करून सांगितलं की वडिलांच्या फोटोपुढे ठेवलेत.

नोंदवही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लिहिली जाते. मुलं वर जातात, दिसलं ते टिपतात, खाली येऊन म्हाताऱ्यांना विचारतात. गावातलं नाव काय, कोणी सांगितलं, कुठे दिसलं, कशाला वापरतात. शास्त्रीय नावं रत्नागिरीच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिका फोटो बघून कळवतात. आजवर सड्याच्या १८६ नोंदी झाल्या. वरकसात उगवणाऱ्या एका गवताला आमच्या तीन वाड्यांत तीन नावं आहेत, ती तिन्ही लिहिली. जुनं पान आम्ही फाडलं नाही. त्या रेघेखाली तारीख घालून 'पुढे पाहा' असं लिहिलं आहे.

गेल्या गणपतीत, आरती आटोपल्यावर सकाळी, सही न केलेल्यांपैकी एक गृहस्थ घरी आले. पन्नाशीचे, नालासोपाऱ्याला असतात. लालबागच्या बैठकीत गॅलरीत उभे होते, काही बोलले नव्हते. "बाई, आमच्या हिश्शाचा तुकडा कुठला, ते दाखवाल?" आम्ही पाखाडीने वर गेलो. ते मध्ये मध्ये थांबून पायऱ्या बघत होते. सामाईक जमिनीत कुणाचा तुकडा कुठला ते नेमकं सांगता येत नाही, पण त्यांचे आजोबा जिथे गवत कापायचे ती जागा काकींना ठाऊक होती आणि काकींनी मला दाखवून ठेवली होती. तळ्याच्या काठाची. निळ्या फुलांनी भरलेली. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि फुलं नसलेला एक दगड शोधून त्यावर बसले. मी थोडी लांब जाऊन उभी राहिले. सहीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "जाळरेषेला माणसं कमी पडतात का हो? मी डिसेंबरात दोन दिवस रजा टाकून येऊ शकतो."